ऊसतोडीपासून बिलापर्यंत : संगणकासाठी कार्यविनिर्देश कसा लिहावा

कार्तिक सरत आला, म्हणजे आष्ट्याच्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग सुरू होते. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधला हा वाळवा तालुक्याचा पट्टा. साखराळे, वाळवा, कारंदवाडी, वारणानगर, सांगली अशी कारखान्यांची गावे त्याच्या चहूबाजूंस आहेत. बारा ते अठरा महिने शेतात उभे असलेले पीक एका-दोन दिवसांत तोडले जाते, काट्यावरून जाते आणि गव्हाणीत पडते. शेतकऱ्याच्या हाती उरते ती एक पावती. अलीकडे ती मोबाईलवरील संदेशाच्या रूपानेही येते. सभासदाचे नाव, गट क्रमांक, उसाची जात, वाहनाचा क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन. पुढे मिळणारे बिल, सोसायटीच्या कर्जाची वसुली, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, घरातील लग्नाची तारीख ही सारी त्या कागदावरील एका आकड्याच्या आधाराने ठरतात.

संगणक येण्यापूर्वी हा आकडा काट्यावरील कारकून लिहीत असे. त्याच्यापाशी छापील नियम थोडे आणि अनुभवाने पाठ झालेले नियम पुष्कळ असत. पावसात भिजलेल्या पाचटाचे काय करावयाचे, वाटेत ट्रॉली उलटून ऊस दुसऱ्या गाडीत भरला गेला तर पावती कोणत्या क्रमांकाने काढावयाची, एकाच गावात एकाच नावाचे तीन सभासद असतील तर त्यांना कसे ओळखावयाचे, हे त्याला विचारावे लागत नसे. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आज्ञावली आली, तेव्हा हे पाठ नियम कोणी तरी लिहून द्यावयास हवे होते. जेथे ते लिहिले गेले नाहीत, तेथे आज्ञावली तयार करणाऱ्या तरुणाने स्वतःच्या तर्काने काही तरी ठरविले. त्या तरुणाने कदाचित उसाचा फड कधी पाहिलाही नसेल. त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

हे सांगणे ज्या कागदावर केले जाते, त्यास कार्यविनिर्देश म्हणतात. इंग्रजीत फंक्शनल स्पेसिफिकेशन. एखाद्या आज्ञावलीने किंवा तिच्या एका घटकाने कोणत्या प्रसंगी काय करावे, कोणासाठी करावे आणि काय करू नये, याचे ती तयार होण्यापूर्वी साध्या भाषेत व कलमवार लिहिलेले कथन म्हणजे कार्यविनिर्देश होय. निविदेतील अटी हा त्याचा विषय नाही. संगणकाच्या आत माहिती कशी साठवावी, कोणती संगणकभाषा वापरावी, हे ठरविणे आज्ञावलीकाराचे काम आहे. कामाचा नियम सांगणे हे मात्र ते काम ज्याचे आहे त्याचेच कर्तव्य राहते. अमेरिकेतील विद्युत व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९८४ मध्ये अशा लेखनासाठी ८३० क्रमांकाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक २९१४८ ने तिची जागा घेतली. या मानकांतील दोन अपेक्षा सामान्य कार्यालयानेही ध्यानी घ्याव्यात. प्रत्येक वाक्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे. आणि ते वाक्य पाळले गेले की नाही, हे पुढे तपासून पाहता आले पाहिजे.

वारणेचा अनुभव

आष्ट्यापासून जवळच, वारणा खोऱ्यात, या विषयाचा एक मोठा धडा घडून गेला आहे. १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागाने ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचे त्यास तांत्रिक साहाय्य होते. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रे उघडून त्यांतून पीकविषयक सल्ला, बाजारभाव, शासकीय योजना, शिक्षण अशी अनेक प्रकारची माहिती मिळावी, ही कल्पना होती. त्या काळी ग्रामीण भागात एवढ्या प्रमाणावर असे धाडस करणारे प्रकल्प देशात थोडे होते आणि त्याचे श्रेय वारणेस दिलेच पाहिजे.

काही वर्षांनी संशोधकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर पाहिला, तेव्हा त्यांना दिसले की केंद्रांचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदी कारखान्यापर्यंत पोचविणे आणि वजनाचा आकडा शेतकऱ्यापर्यंत आणणे यासाठीच होत आहे. केंद्रावर येणाऱ्या माणसाचे प्रश्न थोडे आणि ठरावीक होते : माझा ऊस किती भरला, तोड केव्हा येणार, खत किती मिळाले. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या चमूने सात गावांत आठ महिने एक साधा प्रयोग केला. संगणकाऐवजी मोबाईल, आणि मोबाईलवर केवळ लघुसंदेश. विचारणा लघुसंदेशाने पाठवावयाची आणि उत्तरही लघुसंदेशानेच यावयाचे. गावातील संगणक जी कामे करीत होता ती सर्व या पद्धतीने होऊ शकली. ती स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांनाही अधिक पसंत पडली. सर्व गावांत ती लागू केल्यास केवळ आवर्ती खर्चात वर्षाला दहा लाख रुपयांहून अधिक बचत होईल, असा अंदाज २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला.

कार्यविनिर्देश लिहिणाऱ्याने या अनुभवातून एक प्रश्न उचलावा. आज्ञावलीपुढे उभा राहणारा माणूस कोणता प्रश्न घेऊन येतो? विनिर्देशाचे पहिले पान त्या प्रश्नांनी भरावे. उद्दिष्टांची लांबलचक यादी देण्याचा मोह शासकीय कागदांत फार असतो. ‘सर्वंकष’, ‘एकात्मिक’, ‘पारदर्शक’ हे शब्द त्यात हमखास येतात. परंतु त्यांवरून आज्ञावलीतील एक ओळही लिहिता येत नाही.

काट्याचा घटक

प्रत्यक्ष लेखन कसे करावयाचे, हे पाहण्यासाठी काटा-पावतीचा एवढाच घटक घेऊ. बहुतेक मसुद्यांत पहिले वाक्य असे आढळते : ‘आज्ञावलीने उसाच्या वजनाची अचूक नोंद ठेवावी.’ हे वाक्य कोणासही मान्य होईल, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे. ‘वजन’ म्हणजे कोणते? भरलेल्या वाहनाचे, रिकाम्या वाहनाचे, दोहोंतील फरकाचे, की बांधणीची वजावट करून उरलेले? शेतकरी ज्यास वजन म्हणतो ते तिसरे. बिल निघते ते चौथ्यावर. यासाठी विनिर्देशाच्या आरंभी शब्दांचे अर्थ द्यावेत आणि पुढे तो शब्द त्याच अर्थाने वापरावा. एरवी मराठी लेखनात एकाच गोष्टीला निरनिराळे शब्द वापरणे भाषेचे वैभव मानले जाते. विनिर्देशात तोच दोष ठरतो. एकदा ‘निव्वळ वजन’ म्हटले की शेवटपर्यंत निव्वळ वजनच म्हणावे.

अर्थ ठरल्यानंतर कलमे अशी लिहिता येतील :

४.१ भरलेल्या वाहनाचे वजन काट्याकडून आज्ञावलीत थेट येईल. काट्यावरील कर्मचाऱ्यास ते हाताने भरता किंवा बदलता येणार नाही.

४.२ त्याच खेपेचे रिकामे वजन झाल्याशिवाय निव्वळ वजन काढले जाणार नाही. मागील खेपेचे रिकामे वजन वापरले जाणार नाही.

४.३ बांधणीची वजावट संचालक मंडळाने त्या हंगामासाठी वाहनप्रकारानुसार ठरविलेल्या तक्त्याप्रमाणे होईल. वजावटीपूर्वीचे व वजावटीनंतरचे अशी दोन्ही वजने पावतीवर छापली जातील.

४.४ वजावटीनंतरचे वजन पूर्ण किलोत ठेवले जाईल. अर्धा किलो किंवा त्याहून अधिक अपूर्णांक असल्यास पुढचा किलो धरला जाईल.

४.५ निघालेली पावती खोडता येणार नाही. दुरुस्तीसाठी नवी पावती निघेल. तिच्यावर मूळ पावतीचा क्रमांक, जुना आकडा, नवा आकडा व कारण असेल. ती नोंदणारा व मंजूर करणारा अशा दोन भिन्न व्यक्ती असतील आणि त्याच दिवशी सभासदास संदेश जाईल.

४.६ वीज किंवा काट्याची जोडणी बंद असताना छापील क्रमांकाच्या पावतीपुस्तकातून हस्तलिखित पावती दिली जाईल. जोडणी सुरू झाल्यावर चोवीस तासांच्या आत ती आज्ञावलीत भरली जाईल व तिच्यापुढे ‘ह’ ही खूण राहील.

ही कलमे वाचताना ती क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ४.४ चेच पाहा. एखाद्या ट्रॉलीचे भरलेले वजन १८.६४० टन आणि रिकामे वजन ५.४२० टन असेल, तर निव्वळ वजन १३.२२० टन होते. वजावट समजा एक टक्का धरली, तर १३.०८७८ टन उरतात. आता पावतीवर काय छापावयाचे? १३.०८८, १३.०८७ की १३.०८०? आज्ञावलीकारास कोणी सांगितले नाही आणि त्याने दहा किलोंखालील भाग सोडून दिला, तर प्रत्येक खेपेत सरासरी पाच किलो ऊस कोणाच्याच खात्यावर येत नाही. दिवसाला हजार खेपा धरल्या, तर सुमारे पाच टन. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. काटाही खरा असतो. काटा खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी वैधमापन शास्त्र यंत्रणा आहे. खऱ्या काट्यावरून चुकीची पावती निघू नये, हे पाहण्याची जबाबदारी मात्र या कागदावर पडते.

४.२ मागेही असेच कारण आहे. रिकाम्या वाहनाचे वजन एकदाच घेऊन साठवून ठेवले, तर रांग लवकर सरते, हे खरे. परंतु ट्रॉलीच्या तळाशी चिखल व पाचट साचते, टायर बदलले जातात, इंधनाची टाकी भरलेली असते किंवा नसते. रांगेचा वेळ वाचवावा की दर खेपेचे रिकामे वजन घ्यावे, हा निर्णय संचालक मंडळाचा आहे. तो कोणत्याही बाजूने झाला तरी लिहिलेला असावा. न लिहिलेला निर्णय कोणी तरी घेतलेला असतोच. फक्त तो कोणी घेतला हे नंतर सापडत नाही.

अपवादांचे पान

काट्याहून अवघड घटक आहे तो क्रमपाळीचा, म्हणजे कोणाचा ऊस आधी तोडावयाचा याचा. मूळ नियम सोपा दिसतो : ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. पण आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांनी तोडणीस येतो, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांनी, सुरू बारा महिन्यांनी आणि खोडवा त्याच्याही थोडा आधी. नुसती लागणीची तारीख पाहून चालत नाही. लागणीचा प्रकार व जात यांचा मेळ घालावा लागतो. दोन सभासदांच्या तारखा एकच असतील तर आधी कोण? नोंदणी क्रमांकाने ठरवावयाचे की फडाच्या रस्त्याने? त्यातही ऊस विकास अधिकारी एक तारीख लिहितो आणि शेतकरी दुसरी सांगतो, अशा वेळी कोणती धरावयाची, याचेही उत्तर हवे.

आणि मग अपवाद येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-वारणेला महापूर आला, तेव्हा नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. शेंड्यात पाणी गेलेला असा बुडीत ऊस क्रमाची वाट पाहू शकत नाही. विजेच्या तारेची ठिणगी पडून फड जळाला, तर जळीत उसाचा उतारा व वजन दिवसागणिक घटत जातात. तुरा आलेल्या उसाचीही तीच तऱ्हा. अनुभवी शेती अधिकारी हे सारे जाणतो व त्याप्रमाणे पाळी बदलतो. म्हणून विनिर्देशात ‘पाळीबाहेर तोड’ हे स्वतंत्र प्रकरण असावे. कोणत्या कारणांसाठी पाळी मोडता येईल, पंचनामा कोणी करावयाचा, मंजुरी कोणाची, आणि मोडलेल्या पाळ्यांची यादी दर आठवड्यास कोठे लावावयाची, हे त्यात यावे.

येथे एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. पुष्कळ आज्ञावलींमध्ये ‘विशेष बाब’ असा एक रकाना ठेवलेला असतो आणि तो भरला की सर्व नियम बाजूस सरतात. विनिर्देशात अधिकाऱ्याच्या स्वेच्छाधिकाराबद्दल काहीच लिहिले नाही, म्हणजे तो अधिकार नाहीसा झाला असे होत नाही. तो ज्याच्यापाशी संगणकाचा परवलीचा शब्द आहे त्याच्या हाती जातो. तोड लवकर मिळावी म्हणून टोळीला द्यावी लागणारी ‘खुशाली’ ही या भागातील शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. आज्ञावलीने ती एका दिवसात मिटणार नाही. पण पाळी कोणत्या कारणाने मोडली हे गट कार्यालयाच्या फलकावर वाचावयास मिळू लागले, तर तक्रार करणाऱ्यास निदान बोट ठेवावयास जागा मिळते.

नाव एक, रूपे तीन

बिलाच्या घटकाची अडचण आकड्यांहून नावांची अधिक आहे. सांगली-सातारा भागातील गावांत एकाच माणसाचे नाव सातबारावर ‘आण्णा’, सोसायटीच्या खात्यावर ‘आण्णासो’ आणि बँकेत ‘आण्णासाहेब’ असे असू शकते. गावाला त्यात काही वावगे वाटत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ही तीन माणसे होतात. जमीन वडिलांच्या नावावर, सभासदत्व त्यांचेच, वडील वारलेले, वारसनोंद राहिलेली, कर्ज थोरल्या मुलाने काढलेले आणि ऊस पिकविला धाकट्याने, हीही येथील नेहमीची स्थिती आहे. बिल कोणाच्या खात्यावर जमा करावयाचे? याचे उत्तर कारखान्याच्या उपविधींत व कायद्यात शोधावे लागेल. ते शोधून विनिर्देशात लिहिले नाही, तर पैसे ‘अनिश्चित खाते’ अशा एखाद्या शीर्षाखाली पडून राहतील आणि धाकट्या भावाच्या खतांची उधारी तशीच राहील.

पैसे केव्हा द्यावयाचे, हे तर मुदतीचे काम. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ ने ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे आणि विलंब झाल्यास वार्षिक पंधरा टक्के दराने व्याज देण्याचे बंधन घातले. ‘चौदा दिवस’ कोणत्या क्षणापासून मोजावयाचे? एकाच फडाचा ऊस पाच दिवस येत राहिला, तर पाच मुदती की एक? बिले पंधरवड्याने काढण्याचा प्रघात असेल, तर पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी आलेल्या उसाची मुदत बिल निघेपर्यंत संपत नाही काय? लेखापालाने हे प्रश्न आज्ञावलीकारापुढे ठेवण्यापूर्वी स्वतःशी सोडवावेत. कपातींचा क्रमही असाच आहे. सोसायटीचे कर्ज, खत व बेण्याची उचल, ठेव या सर्वांस पुरेल एवढे बिल नसेल, तर आधी कोणती कपात करावयाची आणि शेतकऱ्याच्या हाती किमान किती ठेवावयाचे, हे धोरण आहे. ते आज्ञावलीकाराच्या मेजावर ठरता कामा नये.

शिवाय नियम बदलतात. २००९-१० च्या हंगामापासून किमान वैधानिक किमतीच्या जागी रास्त व किफायतशीर दर आला. २०२२ मध्ये राज्य शासनाने हा दर दोन हप्त्यांत देण्याची पद्धत लागू केली : पहिला हप्ता विभागासाठी ठरविलेल्या उताऱ्यावर आणि उरलेला, हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उताऱ्यावर. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. ज्या आज्ञावलीत दर, हप्ते व उतारा हे आकडे तिच्या पोटात कायमचे बसविलेले असतील, तिला अशा प्रत्येक बदलाच्या वेळी उघडावे लागते. ‘दर, हप्त्यांची संख्या व प्रत्येक हप्त्याचा आधार ही माहिती तक्त्यात राहील आणि प्रत्येक नोंदीस अंमलाची तारीख असेल, जुन्या हंगामाचे बिल जुन्याच नियमाने पुन्हा काढता येईल’ असे एक कलम लिहिले असेल, तर हा सारा खटाटोप टळतो.

कायद्यातील एक नमुना

शासकीय कार्यालयांतील वाचकांस हे सर्व कारखान्याचे काम वाटत असेल, तर त्यांनी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५० या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. फेरफाराची नोंद तलाठ्याने, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, घ्यावयाची. त्याच वेळी तिची संपूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावावयाची आणि ज्यांचा हितसंबंध दिसतो त्या सर्वांस लेखी कळवावयाचे. कोणी हरकत घेतली, तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत उतरवून लगेच पोच द्यावयाची. नोंद प्रमाणित झाल्याखेरीज ती अधिकार अभिलेखात जावयाची नाही. विवाद नसेल तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करू शकतो, पण नोटीस बजावल्याशिवाय नाही. कोण, केव्हा, कोणाला कळवून, हरकत आली तर काय आणि न आली तर काय, हे सर्व त्यात क्रमाने आहे. लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा, हेही आहे. ई-फेरफार आज्ञावलीस आधार मिळाला तो या तयार चौकटीचा.

त्या कलमात एक बारीक शब्द आहे. हरकत तोंडी असो की लेखी, असे कायदा म्हणतो. आणि तोंडी हरकतीचीही लेखी पोच द्यावयास सांगतो. अक्षर न येणाऱ्या म्हातारीने चावडीत उभे राहून ‘हे मला मान्य नाही’ म्हटले, तरी तिची नोंद झाली पाहिजे. कायदा लिहिणाऱ्याने ती म्हातारी डोळ्यांपुढे आणली होती, हे स्पष्ट दिसते. संगणकाच्या पडद्यावर हरकतीसाठी केवळ कागद जोडण्याची जागा ठेवली आणि तोंडी हरकतीची ठेवली नाही, तर कायद्याने दिलेले तिचे म्हणणे तेथे मांडता यावयाचे नाही.

ग्रामपंचायतींपुढेही हाच विषय लहान रूपात येतो. ग्रामपंचायत लेखा संहिता, २०११ मधील नमुना ८ ही कर आकारणीची, ९ ही मागणीची, तर १० ही पावती. घरपट्टीसाठी आज्ञावली घेताना सरपंच व सदस्यांनी विक्रेत्याचे पडदे पाहण्यापूर्वी गावातील अडचणीच्या दहा मिळकती कागदावर मांडाव्यात : भावांत वाटणी झाली पण नोंद झाली नाही असे घर, गावठाणाबाहेरील वस्ती, खाली दुकान वर बिऱ्हाड, मालक मुंबईस व राहणारा भाडेकरू. या दहांची आकारणी, मागणी व पावती आज्ञावली कशी करील, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनाही हा सराव वर्गात घेता येईल. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तक देण्या-घेण्याचे नियम दोन पानांत लिहावयास सांगितले आणि एका मुलाने लिहिलेले दुसऱ्याने शब्दशः पाळून दाखविले, की संदिग्ध वाक्य कोठे आहे ते मुलांना आपोआप सापडते.

वाचून दाखविणे

मसुदा पूर्ण झाल्यावर त्याची परीक्षा दोन प्रकारे करावी. पहिली जुन्या कागदांवरून. गेल्या हंगामातील वीस पावत्या व त्यांची बिले काढावीत. त्यांत साध्या पाच असाव्यात. बाकीच्या भांडणाच्या, दुरुस्तीच्या, जळीत व बुडीत उसाच्या असाव्यात. केवळ मसुद्यातील कलमे पाहून, कोणालाही न विचारता, तीच बिले पुन्हा तयार होतात का ते पाहावे. जेथे हात थांबेल तेथे कलम कमी आहे. हीच वीस प्रकरणे पुढे तयार आज्ञावली ताब्यात घेतानाही वापरावयाची. पैसे चुकते करण्यापूर्वी.

दुसरी परीक्षा सोपी आहे, पण ती टाळली जाते. मसुदा मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकावयास कार्यकारी संचालक व लेखापाल असावेत, तसेच काट्यावरचा रात्रपाळीचा कर्मचारी, फडात चिठ्ठी फाडणारा स्लिपबॉय, टोळीचा मुकादम आणि दोन-तीन ऊस उत्पादकही असावेत. मराठीत लिहिलेला मसुदा असेल तरच हे शक्य होते. केवळ इंग्रजीत असलेल्या विनिर्देशावर या मंडळींची सही घेता येईल, संमती घेता यावयाची नाही. वाचताना घाई करू नये. प्रत्येक कलमानंतर थांबून ‘असे कधी होत नाही का?’ एवढेच विचारावे.

काट्याची सहा कलमे अशा बैठकीत वाचली, तर फडावरचा माणूस बहुधा पहिल्यांदा हेच विचारील : ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, मागच्या ट्रॉलीत जागा उरली म्हणून शेजारच्या बांधावरील दुसऱ्या सभासदाचा उरलेला ऊस तीत भरला, तर वजन कोणाच्या नावावर? काट्यावरचा कर्मचारी सांगेल की दोन्ही ट्रॉल्या सोडवून वेगवेगळ्या वजन करता येतात, पण एकाच ट्रॉलीत दोघांचा ऊस असेल तर नाही. शेतकरी म्हणेल की शेवटची चार मोळी पडून राहिली तर दुसरी गाडी त्यासाठी पुन्हा येत नाही. मग असा मिश्र ऊस भरू द्यावयाचा की नाही, भरू दिला तर स्लिपबॉयने दोन्ही सभासदांच्या समक्ष मोळ्या मोजून दोन चिठ्ठ्या द्यावयाच्या का, आणि वजन मोळ्यांच्या प्रमाणात वाटावयाचे का, यावर तासभर बोलणे होईल. त्या तासानंतर मसुद्यात ४.७ हे कलम लिहावे.